ट्रॅकखालची जमीन

ऑक्टोबर सरतो, शेवटची हीट, म्हणजे शर्यत, होते, मोटरसायकली व्हॅनमध्ये चढतात आणि स्पीडवे या मोटरसायकल शर्यतींच्या सांघिक खेळाच्या ब्रिटनमधल्या चाहत्यांत दरवर्षीचा वाद पेटतो. लीग दोन ठेवायच्या की एक? वरची प्रीमियरशिप आणि खालची चॅम्पियनशिप वेगळ्या कशाला, उरलेसुरले सगळे संघ एकत्र आणा, असं निम्मे लोक म्हणतात. बाकीचे म्हणतात, आहे तसंच चालू द्या. मी गेली बारा वर्षं स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्या पश्चिमेला राहतो आणि खालच्या लीगमधल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो: खालची लीग वेगळी राहिली पाहिजे. पण त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं की हा सगळा वादच भलत्या जागी चाललाय. लीग दोन आहेत म्हणून संघ बुडाले नाहीत आणि एक केली म्हणून ते तरणार नाहीत. बहुतेक संघ बुडाले, कारण ज्या जमिनीवर ते धावत होते ती दुसऱ्याची होती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंडाकृती ट्रॅक, त्यावर शेल नावाच्या दगडाच्या चुऱ्याचा थर. चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. 500 सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी मोटरसायकल. गिअर एकच आणि ब्रेक मुळातच नाही. वळण घ्यायचं ते मागचं चाक घसरवत, गाडी जवळजवळ आडवी घालून. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला भोपळा. अशा 15 हीटचा एक सामना. एका संघात सात जण, घरच्या संघाची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. इथला हा खेळ लंडनजवळच्या हाय बीचला 19 फेब्रुवारी 1928 रोजी झालेल्या शर्यतींपासून मोजतात आणि पुढच्याच वर्षी त्याच्या सांघिक लीग सुरू झाल्या.

मी कोल्हापूरचा. आमच्या संघाच्या, म्हणजे एडिनबरा मोनार्क्सच्या, आर्मडेलच्या मैदानावर पहिल्यांदा गेलो त्या शुक्रवारी संध्याकाळी मला खेळाआधी दिसला तो ट्रॅक्टर. तो शेल विंचरत होता, मागून पाण्याची गाडी शिंपडत होती आणि एक म्हातारा माणूस वळणाशी वाकून, मूठभर शेल उचलून, दाबून बघत होता. कुस्तीआधी हौद्यातली माती खोऱ्यानं मोकळी करून वस्ताद अशीच मूठ आवळून बघतात. मग सुरुवातीच्या रेषेवरच्या टेप वर गेल्या, चार गाड्या एकदम सुटल्या आणि पहिल्या वळणावर उडालेला ओला शेल आमच्या अंगावर सपकन आला. माझ्या शेजारी एक आजीबाई उभ्या होत्या. मांडीएवढी फळी, तिला क्लिपनं अडकवलेला कार्यक्रमपत्रिकेचा कागद आणि कानामागे पेन. प्रत्येक हीट संपली की त्या चारही रायडरांचे गुण चौकटीत लिहायच्या, बेरीज करायच्या आणि मगच टाळ्या वाजवायच्या. पाऊस आला तेव्हा त्यांनी आधी कागद कोटाखाली घेतला, टोपी नंतर घातली. पुढे ओळख झाल्यावर कळलं की हा संघ त्या लहानपणापासून बघतायत आणि त्यासाठी आयुष्यात त्यांना पाच वेगवेगळ्या मैदानांवर जावं लागलं. ती पाच मैदानं या लेखात पुढे येतील, कारण माझं म्हणणं त्यांच्यावरच उभं आहे.

आधी 2018 चा हंगाम घेऊ. खालच्या लीगमध्ये त्या वर्षी वर्किंग्टन कॉमेट्सनी कमाल केली. कम्ब्रियाच्या किनाऱ्यावरचं हे छोटं, जुन्या खाणी-पोलादाच्या कामांचं गाव. त्याच्या संघानं लीग जिंकली, नॉकआउट कप जिंकला, शील्डही जिंकली. एका हंगामात तीन-तीन करंडक घरी आणले आणि हिवाळ्यात क्लब बंद झाला. पुढच्या वर्षी आपलं अजिंक्यपद राखायला वर्किंग्टन ट्रॅकवर नव्हतंच. त्याच हंगामात लेकसाइड संघाला आर्मडेलहून कितीतरी नावाजलेलं आपलं एसेक्समधलं मैदान सोडावं लागलं आणि उरलेले ‘घरचे’ सामने राय हाऊसच्या ट्रॅकवर उरकावे लागले. आणि राय हाऊसचं काय झालं होतं? तो संघ 2017 मध्ये खालच्या लीगमधून वर गेला होता आणि 2018 चा हंगाम अर्ध्यावर असतानाच कोसळला. वरच्या लीगचं विजेतेपद त्या वर्षी पूल या गावाच्या संघानं पटकावलं. त्या पूलनं पुढे दोनच वर्षांत आपण होऊन खालच्या लीगमध्ये यायचा निर्णय घेतला. 2020 ला कोविडमुळे लीग झालीच नाही, पण 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षी पूलनं खालची लीग जिंकली.

एकाच हंगामातल्या या चार संघांच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. खालचा विजेता बंद पडला, वरचा विजेता खाली आला, वर चढलेला मधेच गळाला आणि चौथ्याचं घर गेलं. लीग एक की दोन, या प्रश्नाचं कोणतंही उत्तर यातली एक तरी गोष्ट टाळू शकलं असतं का?

एकीकरणवाल्यांचं म्हणणं पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. त्यांचे तीन मुद्दे मला खरोखर टोचतात. पहिला म्हणजे संघांची संख्या. लीगमध्ये आठ-दहाच संघ उरले की तेच पाहुणे वर्षात तीन-तीनदा येतात, लीगला, कपला आणि आणखी कशाला तरी. प्रेक्षक कंटाळतो आणि त्याचा कंटाळा रास्त असतो. दुसरा मुद्दा याहून जड आहे. एकच रायडर आठवड्यातून एकदा वरच्या लीगमधल्या संघाकडून धावतो आणि दोन दिवसांनी खालच्या लीगमधल्या संघाकडून. शिवाय कोणी जखमी झाला की दुसऱ्या संघातला रायडर पाहुणा म्हणून आणतात. म्हणजे गेल्या शुक्रवारी ज्यानं आम्हाला हरवलं तोच या शुक्रवारी आमचं जाकीट घालून उभा! मग या दोन लीग वेगळ्या आहेत असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? माझ्या मुलीनं हा प्रश्न मला नऊ वर्षांची असताना विचारला होता आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं. तिसरा मुद्दा इतिहासाचा. 1965 मध्ये दोन लीग एकत्र केल्या तेव्हा हा खेळ मरणाच्या दारातून परत आला होता, मग आता का नाही?

हा तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्याचाच दाखला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात कमी वाचला जातो. युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्पीडवेला अफाट गर्दी व्हायची, तीन-तीन डिव्हिजन होत्या. पन्नाशीच्या दशकात तो डोलारा ढासळला आणि दशक संपेपर्यंत मूठभर ट्रॅक उरले. 1960 मध्ये काही प्रमोटरांनी, म्हणजे संघ चालवणाऱ्यांनी, ओसाड पडलेले ट्रॅक पुन्हा उघडले आणि प्रोव्हिन्शियल लीग काढली, ती खालच्या दर्जाची. 1964 मध्ये तिचं नियामक मंडळाशी इतकं बिनसलं की तो अख्खा हंगाम तिनं मान्यतेशिवाय, बहिष्कृत म्हणून चालवला. मग चौकशी बसली. न्यूरेंबर्ग खटल्यात ब्रिटनच्या बाजूनं सरकारी वकिलांचं नेतृत्व केलेले लॉर्ड शॉक्रॉस तिचे प्रमुख होते. त्यातून 1965 ला 18 संघांची ब्रिटिश लीग जन्मली. आता या 18 संघांची हजेरी घ्या. वरच्या नॅशनल लीगमधून आले फक्त सहा: वेस्ट हॅम, विम्बल्डन, कव्हेंट्री, ऑक्सफर्ड, स्विंडन आणि बेल व्ह्यू. उरलेले बारा, म्हणजे हॅलिफॅक्स (मिडल्सब्रोचा संघ तिथे हलवला होता), न्यूकॅसल, शेफील्ड, एडिनबरा, ग्लासगो, एक्सेटर, पूल आणि इतर, सगळे त्या बहिष्कृत खालच्या लीगचे. वरच्या लीगमधला सातवा संघ नॉर्विच होता. तो एकीकरणापर्यंत पोचलाच नाही, कारण 1964 च्या हंगामानंतर त्याचं मैदान घरबांधणीसाठी विकलं गेलं होतं.

म्हणजे 1965 ला एकीकरणानं खेळ वाचवला हे अर्धंच खरं. खेळ आधीच्या पाच वर्षांत खालच्या लीगनं वाचवला होता, बारा गावांत शेल अंथरून. एकीकरण म्हणजे त्या कामावर बसलेला शिक्का. आणि तो शिक्का किती टिकला? तीन वर्षांत, 1968 ला, दहा संघांची दुसरी डिव्हिजन पुन्हा काढावी लागली. का? नव्या पोरांना धावायला जागाच नव्हती. जगज्जेत्यांच्या शेजारी टेपपाशी उभं करून सतरा वर्षांचा मुलगा तयार होत नसतो. पट्ठ्याला पहिल्या महिन्यात केसरीच्या जोडीला लावणारा वस्ताद कोल्हापुरात कोणी बघितलाय का?

1965 बद्दल सगळे बोलतात, 1995 चा विषय कोणी काढत नाही. त्या वर्षी दोन्ही डिव्हिजन मोडून 21 संघांची एकच प्रीमियर लीग केली होती. आज जे मागतायत नेमकं तेच. संघ भरपूर, पाहुण्यांत विविधता, प्रेक्षकाला दर आठवड्याला नवा चेहरा. 1997 ला ती पुन्हा दोन तुकड्यांत वाटावी लागली, वर एलिट लीग आणि खाली प्रीमियर. दोन हंगाम पुरे झाले. कारण साधं आहे. रायडरला गुणामागे पैसे मिळतात. मोठ्या शहरातला संघ ज्या दरानं रायडर घेतो त्याच दरानं घ्यायची पाळी एक्सेटरसारख्या संघावर आली, की तिकिटाच्या पैशात ते भागत नाही. सगळ्यांना एका पंगतीत बसवलं खरं, पण वाढप एकाच हातानं झालं आणि बिल सगळ्यांना सारखं आलं.

पण 1995 बद्दलची मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. एकच मोठी लीग चालू असलेल्या त्याच वर्षाच्या शेवटी दोन मैदानं गेली. क्रॅडली हीथ संघाचं डडली वूड आणि एडिनबराचं पाउडरहॉल. दोन्ही बिल्डरांच्या हाती. क्रॅडलीचा संघ तर देशातल्या अव्वल संघांपैकी, त्याच्याकडून धावलेले रायडर जगज्जेते झालेले. 1996 ला तो स्टोकच्या ट्रॅकवर पाहुण्यासारखा धावला आणि नंतर लीगमधूनच गेला. सांगा, लीग एक होती म्हणून डडली वूड वाचलं का?

आता त्या आजीबाईंची पाच मैदानं. पहिलं एडिनबराचं जुनं मेडोबँक, जिथे 1960 ला प्रोव्हिन्शियल लीगबरोबर एडिनबरा मोनार्क्स पुन्हा सुरू झाले. याच ट्रॅकवर सप्टेंबर 1963 मध्ये दोन वेळचा जगज्जेता पीटर क्रेव्हन पडला आणि त्या जखमांतून उठला नाही. आजीबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या अपघाताबद्दल त्या अजूनही आवाज खाली आणून बोलतात. 1967 नंतर हे मैदान गेलं, कारण 1970 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी तिथे नवं स्टेडियम उभं करायचं होतं. एका खेळाचं घर पाडून खेळांचाच उत्सव भरवला! संघ 1968 ला कोटब्रिजला गेला, दोन हंगाम धावला आणि मग त्याचा परवानाच विकला गेला, तो लंडनच्या वेम्बलीकडे. सात वर्षं संघच नाही. 1977 ला पाउडरहॉलला पुनर्जन्म, खालच्या लीगमध्ये. 1995 ला तेही गेलं. 1996 ला ग्लासगोच्या शॉफील्डवर एक वर्ष काढलं आणि 1997 पासून आर्मडेल. एडिनबरापासून तासाभराच्या अंतरावरचं हे गाव. आजूबाजूला जुन्या तेलखाणींच्या कचऱ्याचे तांबडे डोंगर. इथे संघानं 2003, 2008, 2010, 2014 आणि 2015 अशी पाच वेळा लीग जिंकली. आणि आता आर्मडेलच्या जागेवरही घरबांधणीचं सावट आलं.

या साठ वर्षांत लीगची रचना किती वेळा बदलली? बहिष्कृत लीग, एक लीग, दोन डिव्हिजन, नॅशनल लीग, पुन्हा दोन डिव्हिजन, पुन्हा एक, पुन्हा दोन. मैदान मात्र प्रत्येक वेळी त्याच कारणानं गेलं. ताप आला की खोलीचा रंग बदलायचा, असलाच हा उपाय आहे.

“पण आज संघ पैशामुळे बंद पडतायत, जमिनीमुळे नाही,” असं मला एका मित्रानं ऐकवलं. तोही शुक्रवारी माझ्या शेजारीच उभा असतो, त्यामुळे त्याचं म्हणणं टाळता येत नाही. ईस्टबोर्न 2021 चा हंगाम अर्ध्यात सोडून गेलं. न्यूकॅसल 2022 ला तसंच गेलं, तेच न्यूकॅसल जिथे 1963 ला इव्हान मॉगर नावाचा न्यूझीलंडचा पोरगा खालच्या लीगमध्ये आला आणि पुढे सहा वेळा जगज्जेता झाला. या दोन्ही ठिकाणी बुलडोझर आला नव्हता, खातं रिकामं झालं होतं, हे कबूल. मैदान नवं आणि हक्काचं असलं म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. मँचेस्टरला 2016 मध्ये खास स्पीडवेसाठी राष्ट्रीय स्टेडियम उभं राहिलं. त्याच्या उद्घाटनाचा सामना ट्रॅक धावण्याजोगा नाही म्हणून रद्द करावा लागला आणि तिथला बेल व्ह्यू संघ चालवणारी कंपनी त्याच वर्षात गाळात गेली. जमीन हे सगळ्याचं औषध आहे असा माझा दावा नाही.

तरीही त्या रिकाम्या खात्यात पैसा कुठून येणार होता ते विचारा. हा खेळ जन्मला तोच बहुतेक ठिकाणी भाडेकरू म्हणून, कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात. ज्याचं मैदान त्याचा बार, त्याची खाण्याची दुकानं, त्याचं पार्किंग, त्याच्या जाहिराती. स्पीडवेच्या वाट्याला तिकिटाचे पैसे. त्यातून भाडं द्यायचं, रायडरांचे गुण मोजायचे, रुग्णवाहिका उभी करायची. सामना पावसानं बुडाला तर तेही नाही. भाडेकरार वर्षावर्षाचा असेल तर कोणता प्रमोटर छत घालील, कोणती बँक त्याला कर्ज देईल, कोणता बाप आपल्या बारा वर्षांच्या पोराला गाडी घेऊन देईल? उद्या ट्रॅक असेल की नाही हेच माहीत नसलेला माणूस पाच वर्षांचा विचार करू शकत नाही. पैशाचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाला लागूनच उभा आहे.

रायडर दोन-दोन संघांत का धावतात, याचं उत्तरही इथेच आहे. ते पुरेसे नाहीत, म्हणून. आणि ते पुरेसे का नाहीत? 1962 ला क्रेव्हन दुसऱ्यांदा जिंकला, त्यानंतर ब्रिटनचे पाच जण जगज्जेते झाले. पीटर कॉलिन्स 1976 ला, मायकल ली 1980 ला, गॅरी हॅवलॉक 1992 ला, मार्क लोरम 2000 ला आणि टाय वॉफिन्डन 2013, 2015, 2018 असा तीनदा. हे पाचही जण खालच्या लीगमधून घडले. कॉलिन्स रॉचडेलमधून, ली बॉस्टनमधून, हॅवलॉक मिडल्सब्रोमधून, लोरम हॅकनीमधून, वॉफिन्डन त्याच राय हाऊसमधून. आज या पाच ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी लीगचा स्पीडवे होत नाही. पाचच्या पाच तालमींना कुलूप! हॅकनीच्या मैदानाच्या जागेवर 2012 च्या लंडन ऑलिंपिकचं माध्यम केंद्र उभं राहिलं. मेडोबँकची गोष्ट बेचाळीस वर्षांनी पुन्हा घडली, फक्त उत्सव मोठा होता. 2021 ला ब्रिटननं मँचेस्टरला सांघिक विश्वविजेतेपद मिळवलं, 1989 नंतर पहिल्यांदाच, तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. त्या संघातला डॅन ब्यूली कम्ब्रियाचा. तो वर्किंग्टनच्या जाकिटात धावून वर आला. घराजवळ ट्रॅक नसता तर तो स्पीडवेत आला असता का, की दुसरं काही करत राहिला असता? मला माहीत नाही, पण ज्या गावात ट्रॅक नाही तिथल्या मुलाच्या मनात हा प्रश्नसुद्धा येत नाही.

आता एक मुद्दा आवाजाचा, ज्यावर आमच्या बाजूचे लोक फार सहज नाक मुरडतात. शुक्रवारी रात्री सायलेन्सर असूनही या गाड्या कानात शिरतात. आजारी माणूस, तान्हं बाळ, रात्रपाळीचा कामगार यांना त्रास होतो, आणि त्रास होणाऱ्याचं ऐकलंच पाहिजे. पण प्रश्न असा की आधी कोण आलं? सफोकमधल्या मिल्डनहॉलला 1970 च्या दशकात स्पीडवे सुरू झाला, खालच्याच दर्जाच्या लीगचा. तिथल्या स्टेडियमपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवरचं एक घर 2006 मध्ये विकलं गेलं आणि नव्या मालकांनी आवाजाबद्दल दावा लावला. तो खालच्या न्यायालयापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2014 मध्ये निकाल लागला: मैदान आधीपासून होतं आणि तुम्ही नंतर राहायला आलात, एवढ्यानं मैदानाची सुटका होत नाही. न्यायाधीशांनी मनाई हुकमाऐवजी भरपाईचा विचार करायची वाट मोकळी ठेवली, हे खरं. पण भाड्याच्या मैदानावरचा छोटा क्लब भरपाईच्या नुसत्या शब्दानंच गारठतो.

त्यानंतर धोरण थोडं वळलं. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 ला एक तत्त्व आलं की पब, संगीताची ठिकाणं, क्रीडा क्लब यांच्या शेजारी जो नव्यानं घरं बांधील त्यानंच आवाजाचा बंदोबस्त करायचा, जुन्यानं नव्हे. स्कॉटलंडनं 2019 च्या कायद्यात तेच धरलं. चांगली गोष्ट. पण हे शेजारच्या जमिनीबद्दल झालं. खुद्द ट्रॅकच्या जमिनीवरच घरं बांधायची असतील तर काय? तिथे एक मोडकं हत्यार आहे. 2011 च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये एखादी जागा ‘समाजाच्या मोलाची’ म्हणून नोंदवता येते, आणि ती विकायला निघाली तर बोली लावण्यासाठी स्थानिकांना सहा महिने मिळतात. सहा महिन्यांत गोदी-कारखान्यातले निवृत्त कामगार बिल्डरच्या भावाला जमीन कशी विकत घेणार?

होऊच शकत नाही, बाजारापुढे इलाज नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विम्बल्डनची गोष्ट सांगतो. प्लाउ लेनच्या कुत्र्यांच्या मैदानावर 2002 ला स्पीडवे परतला होता, सगळ्यात खालच्या लीगमध्ये, आणि 2005 ला भाड्याच्या भांडणात गेला. नंतर त्या जागेवर घरं यायचीच होती. पण तिथल्या मर्टन नगरपालिकेनं आपल्या आराखड्यात लिहून ठेवलं होतं की या जागेवर खेळ राहिलाच पाहिजे, बाकी जे काय बांधाल ते त्याच्या आधारानं. त्या एका ओळीमुळे 2020 मध्ये तिथे फुटबॉलचं नवं स्टेडियम उभं राहिलं, शेजारी घरंही झाली. म्हणजे घरं की खेळ, असा एकच पर्याय नसतो. आराखड्यात एक ओळ असेल तर दोन्ही होतं. ती ओळ कव्हेंट्रीच्या ब्रँडन मैदानाला आधी मिळायला हवी होती. 1928 पासून धावणारा तो ट्रॅक 2016 नंतर बंद पडला, आणि रग्बी गावच्या नगरपालिकेनं घरांचा प्रस्ताव नाकारेपर्यंत 2022 उजाडलं. तोवर स्टँड जळाले होते आणि ट्रॅकवर झाडोरा माजला होता. नकार मिळाला, पण सहा वर्षं उशिरा.

“एवढ्याशा प्रेक्षकांसाठी मोक्याची जमीन अडवून ठेवायची?” हा शेवटचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. ब्रिटनला घरांची टंचाई आहे, मी स्वतः इथे आठ वर्षं भाड्यानं काढली आहेत. माझं उत्तर असं की जमीन अडवू नका, बदला. आधी नवा ट्रॅक तयार, मग जुन्यावर कुदळ, हा क्रम कायद्यात घाला. हे अशक्य नाही. बेरिकचंच बघा. 1980 ला त्या संघाला शीलफील्ड पार्कवरून काढलं. 1982 ला त्यांनी गावाबाहेर बेरिंग्टन लॉकला शेताच्या बाजूला ट्रॅक घातला, तिथे धावत राहिले आणि 1995 ला पुन्हा शीलफील्डला परतले. वर्षानुवर्षं त्यांनी खेळ रानात जगवला, कारण रानात का होईना, ट्रॅक होता. ऑक्सफर्डला 2022 मध्ये कितीतरी वर्षांनी स्पीडवे परतला तो तिथलं जुनं स्टेडियम पाडलं गेलं नव्हतं म्हणूनच. मैदान शिल्लक असेल तर मेलेला संघ उठतो. मैदान गेलं की अजिंक्य संघसुद्धा आठवणीत जातो. कोल्हापूरला 1912 मध्ये शाहू महाराजांनी खासबाग बांधून दिलं. त्यानंतर कुस्तीचे चांगले-वाईट दिवस आले आणि गेले, पण कुस्ती भरवायची कुठे हा प्रश्न त्या शहराला पडला नाही.

खालची लीग वेगळी ठेवा असं मी म्हणतो ते याचसाठी. कमी खर्चाची, गावातल्या पोरांना रिझर्व्ह म्हणून उभं करणारी, पूलसारख्या मोठ्या संघालाही संकटात उतरायला पायरी देणारी ही लीग आहे. संघ कमी आहेत म्हणून कप आणि शील्डची रचना बदला, पाहुण्या रायडरांवर कडक मर्यादा घाला, रायडरानं एका हंगामात दोन संघ धरावेत का यावर मोकळेपणानं बोला. या सगळ्यात मी एकीकरणवाल्यांबरोबर आहे. पण वरच्या लीगला चार संघ कमी पडतात म्हणून खालची लीग कापून तिच्यात ओतणं म्हणजे पेरणीचं धान्य दळून खाणं आहे.

येत्या हिवाळ्यात प्रमोटरांची बैठक भरेल तेव्हा टेबलावर रायडरांच्या सरासरीचे तक्ते येतील, संघाची गुणमर्यादा किती ठेवायची यावर रात्र जागेल. माझी मागणी एकाच कागदाची आहे. हंगामाचं वेळापत्रक छापताना प्रत्येक संघाच्या नावापुढे त्याच्या मैदानाचा मालक कोण आणि भाडेकरार कधी संपतो ती तारीख छापा. प्रेक्षकांना कळू द्या, नगरसेवकांना कळू द्या, स्थानिक वर्तमानपत्रांना कळू द्या, बिल्डरचा अर्ज पडायच्या तीन वर्षं आधी. आजीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फळीवरचा कागद उलटा केला, पेन कानामागून काढलं आणि आर्मडेलच्या खाली एक मोकळी चौकट आखून ठेवली.